दांडा सुटेपर्यंत

भाचीचा गुडघा दुखायला लागला तो सायकल चालवायला सुरुवात केल्यावर तिसऱ्या आठवड्यात. दुखणं पुढच्या बाजूला, वाटीच्या खाली. दवाखान्यात नेण्याआधी मी तिला सायकलवर बसवलं, भिंतीला हात टेकायला लावला आणि पायडल उलटं फिरवायला सांगितलं. कारण समोरच होतं. पायडल पार खाली गेलं तरी तिचा गुडघा चांगलाच वाकलेला राहत होता. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेलं की पाय सरळ व्हायला हवा, ही सीटच्या उंचीची सगळ्यांत सोपी परीक्षा. हिची सीट निदान सहा-सात सेंटिमीटर वर हवी होती.

"मावशी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला, सीट हलत नाही म्हणून."

सांगितलं होतं खरं. मला वाटलं, बोल्ट घट्ट असेल. बोल्ट मी सहज सैल केला, मग पूर्ण काढून हातात घेतला, आणि तरीही सीट जागची तसूभर हलली नाही. दोन्ही हातांनी धरून पिळली तर अख्खी सायकल फिरली.

सायकल माझीच. लोखंडी फ्रेमची, गिअरची, वजनाला बरी आणि चालीला फार गोड. आठ वर्षांपूर्वी मी ती रत्नागिरीला मामेभावाला दिली होती. त्याने ती मनापासून वापरली: रोज मांडवीच्या बाजूला चक्कर, पावसातसुद्धा. चेन, ब्रेक, टायर सगळं वेळच्या वेळी बदललं. सीट मात्र त्याने पहिल्या दिवशी आपल्या उंचीला लावली, आणि त्यानंतर तिला हात लावायचं काही कारणच पडलं नाही. भाची कॉलेजसाठी पुण्याला आली, तेव्हा तिच्या सामानाबरोबर ती टेम्पोतून परत आली.

घराजवळच्या एका दुकानात नेली. तिथल्या मुलाने सीटच्या बुडावर हातोडीचे चार घाव घातले, मग सीट धरून पिळली. सीटखालची तार वाकली, दांडा होता तिथेच. "आता फ्रेमच बदला," असं उत्तर मिळालं. या एका उत्तरामुळे हा लेख लिहितेय. पूर्ण चांगली, अजून वीस-तीस वर्षं चालेल अशी फ्रेम एका जाम दांड्यापायी भंगारात जाते, आणि असं पुष्कळ वेळा होतं. तसं होण्याची गरज नसते.

पेठेतल्या एका बोळात जुन्या कारागिरांचं दुकान आहे. बोर्ड नाही, दाराशी टांगलेल्या रिमांवरून ओळखायचं. काका पंच्याहत्तरीच्या आसपास. मी सायकल उभी केली, काय काय झालं ते सांगितलं. त्यांनी वाकलेली सीट बघितली, घावांच्या खुणा बघितल्या, बोलले काहीच नाहीत. खणातून घोड्याच्या नालेच्या आकाराचं लोहचुंबक काढलं आणि फ्रेमला लावलं. चिकटलं. मग दांड्याला लावलं. सुटून हातात आलं.

"फ्रेम लोखंडाची, दांडा ॲल्युमिनियमचा," ते म्हणाले. "ताई, हा गंज नाही. गंज असता तर रॉकेलने सोडला असता. हे दुसरंच आहे. सायकल ठेवून जा, आठवडा लागेल."

मी ठेवून गेले नाही. रोज संध्याकाळी तासभर जाऊन बसले. पुढचं बरंचसं त्यांच्या हातांकडे बघून लिहिलंय, आणि त्यामागचं शास्त्र घरी येऊन वाचून.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींत, लुधियानाची हीरो असो की सोनीपतची ॲटलास, फ्रेमची नळी लोखंडाची आणि आत जाणारा सीटचा दांडाही लोखंडाचा, वर क्रोमचा मुलामा. कुणी त्याला सीट पाइप म्हणतं, कुणी सीट पिलर. नव्या दुकानांत सीट पोस्ट. लोखंडात लोखंड तांबूस गंजाने अडकतं, ते रॉकेलमध्ये भिजतं, ठोकल्यावर भुगा होऊन सुटतं. गिअरच्या हलक्या सायकली आल्या आणि दांडा ॲल्युमिनियमचा झाला. फ्रेम पुष्कळदा लोखंडाचीच राहिली. तिथे दोन वेगळ्या धातूंची गाठ पडली.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असावेत आणि त्यांच्यामध्ये खारं पाणी असावं, एवढ्यावर विजेचा घट तयार होतो. व्होल्टाने १८०० साली तांबं आणि जस्त यांच्या चकत्या खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यावर रचून जे केलं, तेच सायकलच्या सीटखाली अंधारात चालू असतं. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या जोडीत झीज सोसतं ते ॲल्युमिनियम. एरवी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप बसतो, मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांएवढा, आणि तोच त्याचं रक्षण करतो. म्हणून स्वयंपाकघरातलं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं. पण मिठातला क्लोराइड हा थर जागोजागी फोडतो. दांडा आणि नळी यांच्यातल्या केसभर फटीत शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही, तिथे हवाही पोहोचत नाही, त्यामुळे फुटलेला थर नीट भरून निघत नाही.

खरी अडचण पुढची. झिजलेल्या ॲल्युमिनियमचं जे होतं, ते पांढरं हायड्रॉक्साइड मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा घेतं. बाजारात हे दांडे ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात: २६.८, २७, २७.२. नळीत नीट बसणाऱ्या दांड्याभोवती मोकळी जागा जवळजवळ नसतेच. त्या नसलेल्या जागेत तिप्पट फुगणारी वस्तू तयार होत राहते. आतून पाचर मारल्यासारखंच ते. दगड फोडताना लाकडी पाचर भिजवून फुगवतात ना, तसं. फरक इतकाच की इथे कुणी मारत नाही, आणि आवाजही येत नाही.

खारं पाणी येतं कुठून? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि हवेत समुद्राचं मीठ असतं. शिवाय घामही खारटच, म्हणजे पुणेकर सुटले असं नाही. मागचा मडगार्ड नसेल तर मागचं चाक रस्त्यावरचं पाणी नेमकं फ्रेमच्या उभ्या नळीवर उडवतं, आणि नळीला दांडा आवळण्यासाठी जी चीर पाडलेली असते ती बहुतेक सायकलींत मागच्या बाजूलाच असते. माझ्या सायकलीला मडगार्ड नव्हता. "छान दिसते" म्हणून मीच तो काढला होता.

ही गोष्ट सायकलीहून फार जुनी आहे. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेचा लाकडी तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला. लाकूड पोखरणारा समुद्री किडा आणि तळाला चिकटणारे शिंपले यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून. नौका वेस्ट इंडीजकडून परतली, १७६३ मध्ये तळ तपासला, तर पत्रे जागोजागी सुटलेले. पत्रे ठोकायला लोखंडी खिळे वापरले होते, आणि तांब्याला टेकलेले ते खिळे खाऱ्या पाण्यात पार खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र जवळपास शाबूत निघाले. बारकाईने पाहिल्यावर कळलं, की तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते त्याचे तुकडे या खिळ्यांपाशी मध्ये अडकून राहिले होते. खिळा आणि तांबं यांच्यामध्ये कागद आला, तेवढ्यावर लोखंड वाचलं. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, हा धडा तसाच आहे. सायकलीत त्या कागदाचं काम ग्रीस करतं. ग्रीसमुळे दोन धातूंचा स्पर्श पूर्ण तुटत नाही, पण फटीत पाण्याला शिरायला जागा राहत नाही, आणि पाण्यावाचून ही झीज चालत नाही.

काकांना ही आरमाराची गोष्ट मी तिसऱ्या दिवशी सांगितली. त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकली. "कागद," ते म्हणाले, आणि पुन्हा "कागद" म्हणून मान हलवली.

पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं ते सांगते. वाकलेली सीट काढून ठेवली. बोल्टची पट्टी काढली, चिरेतली माती सुईने कोरून काढली. मग सायकल उलटी केली, पायडलांचा मधला ॲक्सल खोलून बाहेर घेतला. फ्रेमची उभी नळी तिथे खाली उघडी पडते. त्या तोंडातून त्यांनी पातळ तेल आत सोडलं, उलट्या नळीतून ते दांड्याच्या आतल्या टोकापर्यंत उतरलं. बहुतेक जण तेल फक्त वरून घालतात, आणि ते सांध्याच्या काठावरच राहतं. दोन्ही बाजूंनी तेल मुरलं तर मधलं अंतर निम्मं होतं. तेल कुठलं? बाजारातला निळा-पिवळा डबा सगळ्यांना माहीत आहे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ सालचं, अमेरिकेतल्या सॅन डिएगोचं, आणि नावाचा अर्थच 'पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न'. पाणी हटवायला ते उत्तम आहे, पण चार दिवस मुरवत ठेवायला काका गंज सोडवायचं वेगळं पातळ तेल घेतात. रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं घालायचं, आणि लाकडी मोगरीने नळीभोवती हलके ठोके द्यायचे. वरून हाणायचं नाही. वरून हाणलेला घाव दांड्याला आणखी आत रेटतो.

तेलाबद्दल माझं मत असं: ॲल्युमिनियमची ही पांढरी झीज तेलात विरघळत नाही, हे खरं. तरीही तेल घालावं. एकदा सांधा हलला, की पुढचं फिरणं त्या तेलावरच सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी बर्फ आणला. गंजलेला लोखंडी बोल्ट गरम करून सोडवतात हे आपण पाहिलेलं असतं, म्हणून इथेही लोक आधी स्टोव्ह पेटवतात. इथे ते उलटं पडतं. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे सगळं मिळून तापवलं तर दांडा नळीत आणखी घट्ट होतो. गार करायचा तो दांडा. दांडा आतून पोकळ, वरचं तोंडही उघडं. काकांनी आत बर्फाचा चुरा आणि मीठ भरलं, बाहेरून नळीवर गरम पाण्याचा कपडा गुंडाळला. आता हिशेब बघा. २६.८ मिलिमीटर व्यासाचा दांडा तीस अंश गार झाला तर आकसतो ०.०१८ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. एवढ्याने दांडा गळून पडत नाही. पण तो पांढरा थर ठिसूळ असतो, खडूसारखा, आणि दोन धातू वेगवेगळ्या मापाने हलले की त्याला तडे जातात. तेल त्या तड्यांत शिरतं. काकांनी हे तीनदा केलं. (बर्फातलं मीठ नळीत राहू नये म्हणून दर वेळी साध्या पाण्याने धुऊन, हवा मारून पुन्हा तेल. ते मीठ आत विसरलं तर सगळा खेळ नव्याने सुरू.)

पाचव्या दिवशी शिकंजा.

सीट धरून दांडा पिळताना आपल्या हाताला तरफ मिळते ती इथून तिथून वीतभर. तीच फ्रेम उलटी करून दांड्याचं वरचं डोकं जड शिकंज्यात आवळलं, तर फ्रेमच तरफ होते: पुढे हँडलच्या नळीपर्यंत अर्धा मीटर, मागे चाकाच्या ॲक्सलपर्यंत जवळजवळ तेवढंच. तोच जोर, पण पीळ चौपट. या रीतीची किंमत एकच, शिकंज्यात दांड्याचं डोकं चेपतं आणि दांडा पुन्हा वापरता येत नाही. दांडा थोडक्या पैशांत नवा मिळतो, त्यामुळे फ्रेमपुढे त्याचा विचार करायचा नाही.

काका एका बाजूला, त्यांचा नातू दुसऱ्या बाजूला. दोघांनी फ्रेम धरली आणि जातं फिरवावं तशी फिरवायला घेतली. झटका नाही, हिसका नाही. जोर हळूहळू वाढवत नेला. "नळी पातळ असते ताई, मिलिमीटरभराची. हिसका दिला की दांडा राहतो आणि नळीच मुडपते." भारी फ्रेमच्या नळ्या तर मधल्या भागात त्याहून पातळ असतात, १९३५ पासून नावाजलेल्या रेनॉल्ड्स ५३१ नळीची मधली जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. त्यामुळे काका जोर लावताना डोळे मिटतात. नळीचा आवाज ऐकतात.

आधी काही झालं नाही. मग उलट दिशेने. मग पुन्हा सुलट. चौथ्या-पाचव्या खेपेला आतून आवाज आला, सुपारी फुटावी तसा, कोरडा आणि एकच. फ्रेम हातात पेन्सिलच्या रेघेएवढी सरकली. काका लगेच थांबले, तेल घातलं, पाणी प्यायले. त्यानंतर जवळजवळ पाऊण तास फक्त मागे-पुढे, मागे-पुढे; प्रत्येक वेळी रेघ थोडी रुंद. मग पूर्ण फेरा. फिरवत फिरवत वर ओढत ओढत करड्या चिखलाने माखलेला दांडा बाहेर आला.

मी तो हातात घेतला. वरचा, हवेतला भाग अजून चकचकीत. आत राहिलेला सगळा भाग राखाडी, आणि त्यावर पांढरी पुटं, वाळलेल्या चुन्यासारखी. नखाने खरवडली तर पीठ पडलं. पिठाखाली धातूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. सगळ्यांत दाट पूट चिरेच्या समोर होतं, जिथून पाणी येत होतं तिथे. आणि एका कडेला अंगठ्याएवढा एक तुकडा अगदी स्वच्छ, चकाकता. तिथे कधीकाळी कारखान्यात लावलेल्या ग्रीसचा पिवळट डाग अजून होता. काकांनी त्यावर बोट ठेवलं. "हा तुमचा कागद."

सगळ्यांची सायकल अशी सुटत नाही. दुकानाच्या कोपऱ्यात तेव्हा आणखी एक फ्रेम होती. तिचा दांडा कुणीतरी आधीच पिळून नळीच्या तोंडाशी मोडून ठेवलेला. धरायला काही उरलेलंच नव्हतं. तिला करवत. हॅक्सॉचं नुसतं पातं घ्यायचं, एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ करायची, पातं पोकळ दांड्याच्या आत घालायचं आणि आतून बाहेर, उभी चीर पाडत न्यायची. दांड्याची जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. ती कापून झाली की पुढे फ्रेमची नळी, आणि तिला ओरखडासुद्धा पडता कामा नये. पातं ॲल्युमिनियममधून लोखंडाला टेकलं की हाताला कळतं, आवाज बदलतो, चाल अडखळते. काकांच्या नातवाला हे काम दिलं होतं. तीन संध्याकाळी तो ते करत होता, दर पंधरा मिनिटांनी विजेरी आत धरून बघत. अशा दोन उभ्या चिरा पाडल्या, मधली पट्टी पकडीने उपटली, की उरलेला दांडा पानाच्या विड्यासारखा आत मुडपतो आणि निघतो. हे काम मी पाहिलेल्या कामांत सगळ्यांत नाजूक होतं, आणि त्याची मजुरी जेवढी मिळते तेवढी पाहून मला वाईट वाटलं.

शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम विरघळवतो आणि लोखंडाला सोडून देतो, म्हणून लोखंडी फ्रेममधला दांडा त्याने अक्षरशः खाऊन टाकता येतो. मी तो सुचवत नाही. त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, द्रावण उकळल्यासारखं तापतं, आणि थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. काका तो दुकानात ठेवत नाहीत. फ्रेमच ॲल्युमिनियमची असेल तर तो फ्रेमही खाईल. आणि फ्रेम कार्बनची असेल तर तिला ना आंच, ना शिकंज्याचा पीळ, ना मनाने काही करणं. कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियमही असंच झिजून अडकतं, पण तिथे थेट जाणकाराकडेच जावं.

माझ्या सायकलीचं पुढचं काम लवकर झालं. नळी आतून ब्रेक सिलिंडर घासायच्या दगडी होनने साफ केली, पुसली, सुकवली. नवा दांडा जुन्यावर कोरलेल्या आकड्याच्याच मापाचा, २६.८. पॉइंट चारने बारीक चालेल का, असं मी विचारलं होतं. नाही चालत, तो आत डगमगतो आणि नळीचं तोंड फाडतो. नळीला आतून आणि दांड्याला बाहेरून ग्रीसचा हात. भाचीची टाच पायडलवर ठेवून उंची लावली. दांड्यावर कमीत कमी किती आत राहायला हवा त्याची रेघ असते, ती नळीत बुडालेली आहे ना ते पाहिलं. सांध्यावर जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा चढवला, म्हणजे चिरेत पाणी जाणार नाही. मडगार्डही बसवला.

गुडघ्याचं दुखणं दोन आठवड्यांत थांबलं. भाचीने दांड्यावर उंचीच्या जागी लाल चिकटपट्टी लावली आहे, म्हणजे काढला तरी पुन्हा तिथेच बसवता येईल.

तर आता तुमच्याकडे मागणं. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस संपलेला असेल, आणि दसऱ्याला सायकल धुऊन तिला झेंडूचा हार घालून झालेला असेल. या पाडव्याला दहा मिनिटं काढा. सीटच्या उंचीला पट्टी लावा, बोल्ट सैल करा, दांडा पूर्ण बाहेर काढा. दोन्ही पुसा, बोटभर ग्रीस लावा, परत बसवा. फ्रेम किंवा दांडा कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्यासाठी वेगळी खरखरीत पेस्ट मिळते, ती लावा. घरातल्या प्रत्येक सायकलीचं करा, पडून असलेल्यांचं आधी. आणि दांडा निघालाच नाही, तर हातोडी उचलू नका. दोन्ही बाजूंनी तेल घाला आणि जुन्या कारागिराकडे न्या. असे कारागीर अजून आहेत.

काकांचं दुकान सोमवारी बंद असतं.